जुनी फायबर नौका: जेलकोटचे तडे आणि आतील कुज

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांना मोठ्या संख्येने फायबरच्या नौका देण्यात आल्या. केरळ आणि आंध्र प्रदेशातही अशा नौकांचा वापर मोठा आहे. जुनी नौका विकत घेताना किंवा तिच्या दुरुस्तीचा निर्णय घेताना पृष्ठभागावरील बारीक तड्यांचा अर्थ लावता येणे आवश्यक असते.

जेलकोट हा रंगीत रेझिनचा बाह्य लेप असून त्याची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर असते. पाणी आणि सूर्यप्रकाश यांपासून तो संरक्षण देतो. नौकेची ताकद मात्र त्याखालील काचतंतूंच्या थरांत असते. त्यामुळे तडा लेपापुरता आहे की थरांपर्यंत पोहोचला आहे, हे प्रथम पाहावे लागते.

तड्यांचे प्रकार

एका बिंदूपासून ताऱ्याप्रमाणे पसरलेले तडे आघाताचे निदर्शक असतात. एकमेकांना समांतर तडे त्या जागी नौका वारंवार लवत असल्याचे सांगतात. डेकचे कोपरे, कडीचे बोल्ट आणि इंजिनाभोवती ते विशेषत्वाने आढळतात. दिशाहीन, जाळीसारखे तडे बहुधा जाड लेपामुळे किंवा उन्हाने लेप ठिसूळ झाल्यामुळे पडतात व तुलनेने कमी गंभीर असतात. तडा पडलेल्या जागी हाताने दाब दिल्यास पृष्ठभाग हलत असेल, तर दोष खोलवर असल्याचे समजावे.

न दिसणारा धोका

अनेक नौकांत आउटबोर्ड इंजिन पेलणाऱ्या मागच्या फळीचा गाभा प्लायवूडचा असतो. बोल्टची छिद्रे नीट बंद केली नसतील, तर तेथून पाणी आत झिरपते आणि फायबरच्या आवरणामुळे ते बाहेर पडत नाही. लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांहून बराच अधिक राहिल्यास बुरशी वाढून लाकूड कुजते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले पावसाचे पाणी याबाबत अधिक घातक ठरते. बाहेरून नौका चकचकीत दिसत असतानाच गाभ्याचा भुसा झालेला असू शकतो. अशी फळी भर समुद्रात इंजिनासह निखळल्यास नौकेत वेगाने पाणी शिरते.

तपासणीचा क्रम

नौका किनाऱ्यावर ओढून काही दिवस सुकू द्यावी. प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने किंवा नाण्याने सर्व भाग ठोकून पाहावा. खणखणीत आवाज सुस्थितीचा, तर बद्द आवाज थर सुटल्याचा किंवा गाभा कुजल्याचा संकेत देतो. इंजिन वर उचलून पुढे-मागे हलवल्यास फळी लवता कामा नये. ओलावामापक यंत्र उपयुक्त असले, तरी धातू, क्षार किंवा तांबेयुक्त रंगामुळे त्याचे आकडे फसवे येऊ शकतात. शंका कायम राहिल्यास नौकेच्या आतील बाजूने बारीक छिद्र पाडून भुसा तपासावा. कोरडा, फिकट भुसा समाधानकारक मानावा. काळपट, ओला व कुबट वासाचा भुसा कुजीचा पुरावा होय. तपासणीनंतर छिद्र इपॉक्सीने बुजवणे आवश्यक आहे.

लेपापुरता तडा व्ही आकारात खरवडून, स्वच्छ व कोरडा करून नव्या जेलकोटने भरता येतो. नौका लवत असल्यास आधी आतील थर मजबूत करावे लागतात, अन्यथा तडा पुन्हा उघडतो. कुजलेला गाभा मात्र काढून टाकूनच बदलावा. ओल्या लाकडावर रेझिन नीट चिकटत नाही, त्यामुळे वरून दिलेला फायबरचा थर केवळ दोष झाकतो.

लाकूड आणि फायबर यांचा मेळ मुळातच सदोष आहे, असे नव्हे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडावर संरक्षक प्रक्रिया करून व वरून फायबरचे आवरण देऊन नौका विकसित केल्या आहेत. लाकडावरील ही प्रक्रिया आवरणापूर्वीच होणे महत्त्वाचे ठरते.

यांत्रिक मासेमारीवर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. नौका किनाऱ्यावर असताना, विशेषतः पाऊस सुरू होण्यापूर्वी, ही तपासणी करून घेणे सोयीचे ठरते.