सागरी स्पंजांतील क्षयरोधी द्रव्ये
सागरी स्पंजांतील क्षयरोधी द्रव्ये : समुद्रतळाशी चिकटून राहणाऱ्या स्पंजांपासून (छिद्री संघातील प्राण्यांपासून) मिळालेली व क्षयरोगाच्या जंतूंना मारक ठरलेली संयुगे. स्पंजांना शत्रूपासून दूर पळता येत नाही. कंटिका व विषारी द्रव्ये हीच त्यांची संरक्षणसाधने होत.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू शोधला. तथापि त्यावरील पहिले प्रभावी प्रतिजैव द्रव्य, स्ट्रेप्टोमायसीन, १९४३ मध्ये ॲल्बर्ट शॅट्स यांना सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मृदेतील सूक्ष्मजंतूपासून मिळाले. हे औषध एकटे दिल्यास जंतूंत रोधक्षमता निर्माण होते, हे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसून आले. आयसोनियाझिड (१९५२) व पुढे रिफँपिसीन यांच्या संयुक्त उपचाराने रोग आटोक्यात आणता येऊ लागला. परंतु कालांतराने या दोहोंनाही दाद न देणारे जंतू आढळल्याने नव्या द्रव्यांची निकड भासली.

वेर्नर बर्गमन यांनी १९५० च्या सुमारास फ्लॉरिडातील स्पंजापासून वेगळी केलेली न्यूक्लिओसाइडे रक्ताच्या कर्करोगावरील सायटॅराबीन या औषधाच्या निर्मितीस मार्गदर्शक ठरली. १९८६ मध्ये र्‍यूइची साकाई व तात्सुओ हिगा यांनी ओकिनावाजवळील स्पंजापासून मँझामीन हे अल्कलॉइड मिळविले. ते प्रथम अर्बुदरोधी म्हणून अभ्यासले गेले. या गटातील एक संयुग मि.लि.मागे सु. १ मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात क्षयजंतूंची वाढ रोखते, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. जपानमधील ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये वर्णिलेले हॅलिसायक्लामीन ए हे इंडोनेशियातील स्पंजापासून मिळालेले द्रव्य ऑक्सिजनच्या अभावी सुप्त राहिलेल्या जंतूंवरही क्रिया करते. अशा सुप्त जंतूंमुळेच उपचार कित्येक महिने चालू ठेवावे लागतात; म्हणून या गुणधर्मास विशेष महत्त्व आहे.

तथापि परीक्षानलिकेतील यश म्हणजे औषध नव्हे. मँझामिने मानवी पेशींनाही घातक ठरू शकतात. शिवाय स्पंजांत अशी द्रव्ये अत्यल्प असल्याने औषधासाठी त्यांची प्रचंड प्रमाणावर तोडणी करावी लागेल. थिओनेला प्रजातीच्या स्पंजातील अनेक द्रव्ये प्रत्यक्षात त्यात राहणारे सहजीवी जंतू तयार करतात, असे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. त्यामुळे जंतुसंवर्धन व जनुक-स्थानांतरण यांद्वारे उत्पादनाचा मार्ग दिसू लागला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडाक्विलीन हे क्षयरोधी औषध मात्र प्रयोगशाळेतील संश्लेषणातून आले. स्पंजजन्य द्रव्यांपैकी कोणतेही अद्याप क्षयरोगाच्या रूढ उपचारात आलेले नाही.