फ्रेडीनंतरचा ‘क्वीन’

पाचगणीच्या शाळेत सोबत्यांबरोबर पहिला बँड काढणारा फारोख बुलसारा, म्हणजे ‘क्वीन’चा फ्रेडी मर्क्युरी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी गेला. मुख्य माणूस गेला की बँड संपतो का? ‘एसी/डीसी’चा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला, जुलैत ब्रायन जॉन्सनच्या आवाजात ‘बॅक इन ब्लॅक’ आला आणि त्यांचा सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. ‘क्वीन’च्या ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनीही नवे गायक आणले, पण नाव ठेवले ‘क्वीन + अ‍ॅडम लँबर्ट’. पाहुण्याचा मान वेगळा, फ्रेडीची जागा रिकामीच. नवी गाणी थोडी झाली, मैफली मात्र भरल्या. एकाने जागा भरली, दुसऱ्याने राखली, टिकले दोघेही. आपल्या तुकडीतून गेलेल्यांसाठी मला दुसरी रीत पटते. मेळाव्याच्या हजेरीत त्यांचीही नावे घेऊ या.