साधा मजकूर की सजवलेले पत्र? जाहिरातीच्या ईमेलचा इतिहास

१/ जाहिरातीचा ईमेल साध्या मजकुरात पाठवावा की एचटीएमएलमध्ये सजवून? वाकड-हिंजवडी परिसरातून मराठी ग्राहकांना पत्रे धाडणाऱ्यांपुढे हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर इतिहासात सापडते. 🧵

२/ ३ मे १९७८. अमेरिकेतील 'डीईसी' या संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क यांनी आर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवली. चित्र नाही, रंग नाही. निव्वळ इंग्रजी अक्षरे.

३/ त्या ईमेलचा पाया होता 'आस्की': अवघे १२८ संकेत, त्यांत देवनागरीला जागाच नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय लिप्यांवर मोठे काम केले. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी युनिकोडही आले. तरी पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या फाँटचे संकेत निराळेच राहिले. समोरच्याकडे तोच फाँट नसला, की पत्राचे कोडे होई. म्हणून मराठी मजकुराचे चित्र करून पाठवण्याची सवय जडली.

४/ १९९२ मध्ये बोरेनस्टाइन व फ्रीड यांच्या 'माइम' मानकाने एकाच पत्रात दोन रूपांची सोय केली: आधी साधे, शेवटी सजवलेले. वाचकाचा संगणक त्याला उमजणारे शेवटचे रूप दाखवतो. एचटीएमएल पुढे याच चौकटीत बसले.

५/ युनिकोड रुळले आणि चित्राचे कारण संपले. सवय मात्र उरली. चित्रे बंद असली की असे पत्र कोरे दिसते. दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही.

६/ तेव्हा दोन्ही रूपे पाठवावीत. सजावट हवी तेवढी करावी, पण मराठी अक्षर अक्षर म्हणूनच जावे. ती जागा मिळायला फार वर्षे लागली आहेत.