पहारीआधी पाहणी

मुंबईच्या मांडवी भागात १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात डॉ. अकासियो व्हिएगस यांच्याकडे एक विचित्र तापाचे रुग्ण येऊ लागले. काखेत, जांघेत गाठी, अंगात जबर ताप आणि दोन-चार दिवसांत मृत्यू. मूळच्या गोव्याच्या या डॉक्टरांनी निदान केले : हा गाठीचा प्लेग आहे. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे गेले.

प्लेग म्हटले की आपल्याला पुण्याचा रँड आणि चाफेकर बंधू आठवतात. वर्गात आपण तेच शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण या साथीने आपल्या शहरांच्या रचनेलाही वळण लावले. अर्धवट निदानावरून मोठी शस्त्रक्रिया केली तर काय होते, याचा तो धडा आहे. तो इतिहासाच्या तासाला जितका उपयोगी, तितकाच विज्ञानाच्या तासालाही.

अर्धवट निदान

प्लेगचा जिवाणू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसँ यांना सापडला होता. म्हणजे रोगाचे कारण कळले होते, पण तो पसरतो कसा हे कळले नव्हते. अधिकाऱ्यांचा समज असा होता की घाण, ओल आणि कोंडलेली हवा यांतच रोगाचे मूळ आहे. त्यामुळे उपायही तसेच झाले. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडण्यात आले. ऊन आत यावे म्हणून घरांची कौले काढली. जी घरे राहण्यास अयोग्य ठरली त्यांच्या दारांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली.

जून १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. त्यांनी आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांच्यात जाळी ठेवली. दोघांचा स्पर्श होत नव्हता, पण पिसवा जाळीतून जाऊ शकत होत्या. निरोगी उंदराला प्लेग झाला. रोगवाहक पिसू आहे असे सिमाँ सांगू लागले, पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या सविस्तर प्रयोगांनी ते बरोबर होते हे सिद्ध झाले.

पण शहर तोवर थांबणार कसे? डिसेंबर १८९८ मध्येच मुंबईत ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला होता. दाट वस्त्या फोडायच्या, रुंद रस्ते काढून समुद्राची हवा शहरात खेळवायची, नवी घरे बांधायची, असा त्याचा कार्यक्रम होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच निघाले. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत आणि तिथली पाच उद्याने हीदेखील ट्रस्टचीच देणगी. तिच्या सावलीत आजही मुले खेळतात आणि आजी-आजोबा बसतात. हे श्रेय ट्रस्टला द्यायलाच हवे.

मात्र ज्यांची घरे पाडली ते सगळे दादर-माटुंग्याला गेले नाहीत. गोदीतल्या हमालाला किंवा गिरणीतल्या कामगाराला कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच राहणे भाग होते. ते शेजारच्या चाळींत शिरले. तिथे एका खोलीतली माणसे वाढली, भाडीही वाढली. ट्रस्टने पुढे स्वतः चाळी बांधल्या. त्यांतल्या काही अजून उभ्या आहेत. पण पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त होता. गर्दी कमी झाली नव्हती, ती एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली होती.

सूक्ष्मदर्शक सुटला, शहर दिसले

याच सुमारास स्कॉटलंडमध्ये एक जीवशास्त्रज्ञ शहरांकडे वेगळ्या नजरेने पाहत होते. पॅट्रिक गेडिस यांचा जन्म १८५४ सालचा. लंडनला ते डार्विनचे खंदे समर्थक टी. एच. हक्सली यांचे विद्यार्थी होते. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. नंतर ती परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे त्यांना जमेना. पुढे डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तरी मनाने ते प्रयोगशाळेतून बाहेर पडले होते.

जीव आणि त्याचा परिसर यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे जीवशास्त्रज्ञाला सांगावे लागत नाही. माणूस आणि त्याचे शहर यांचेही तसेच आहे, असे गेडिस यांना वाटे. १८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर लवकरच हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, पडक्या वस्तीतल्या जेम्स कोर्ट या इमारतीत राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी भिंतींना सफेदी केली, कचरा काढला, खिडक्यांत फुलझाडे लावली. पुढे त्यांच्या गटाने याच जुन्या वस्तीतल्या पडीक जागा मोजल्या. ७०हून अधिक तुकडे निघाले, एकूण क्षेत्र सुमारे १० एकर! ज्या वस्तीत जागाच नाही असे सगळे म्हणत होते, तिथे ही जागा निघाली. त्यांतल्या काही तुकड्यांवर गेडिस यांची कन्या नोरा हिने मुलांसाठी छोट्या बागा आखल्या.

राखून केलेली शस्त्रक्रिया

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ च्या अखेरीस गेडिस भारतात आले. शहरांविषयीचे त्यांचे प्रदर्शन वेगळ्या जहाजाने येत होते. ते जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे आणि चित्रे समुद्राच्या तळाशी गेली. मित्रांनी धावपळ करून दुसरी सामग्री पाठवली आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले. पुढच्या सुमारे दहा वर्षांत त्यांनी भारतातल्या अनेक शहरांवर अहवाल लिहिले.

त्यांतला तंजावरचा अहवाल मासलेवाईक आहे. ज्या तंजावरवर भोसल्यांनी राज्य केले, तेच हे शहर. किल्ल्यातल्या दाट वस्तीतून सरळ रस्ते काढण्याची नगरपालिकेची योजना होती. पट्टी ठेवून रेघा मारलेल्या. रेघेच्या वाटेत येईल ते घर पाडायचे, मग ते भक्कम असो की पडके.

गेडिस यांची पद्धत अगदी उलट होती. नकाशा हातात घेऊन ते गल्ली न् गल्ली पायी फिरत. कोणते घर भक्कम आहे, कोणते दुरुस्त होईल, कोणते खरोखर पडायला आले आहे, याची खूण करत. विहीर, देऊळ, पिंपळ, ओटा, मोकळा कोपरा हेही टिपत. मग फक्त पडकी घरे काढायची, त्या जागा पडीक तुकड्यांना जोडून छोटे चौक करायचे आणि त्यांत झाडे लावायची. झाडामुळे सावली मिळते आणि मोकळ्या जागेवर अतिक्रमणही होत नाही! जुनी गल्ली जिथे जाते तिथेच जाऊ द्यायची, अडेल तिथे तेवढी रुंद करायची. या पद्धतीला त्यांनी ‘राखून केलेली शस्त्रक्रिया’ अशा अर्थाचे नाव दिले. चांगला शल्यविशारद गाठ काढतो, हात कापत नाही. नगरपालिकेच्या योजनेच्या मानाने या कामाचा खर्च सुमारे एक षष्ठांश येईल, असा त्यांचा अंदाज होता.

या पद्धतीतला न्याय आपण समजून घेतला पाहिजे. नकाशावरच्या रेघेला माणूस दिसत नाही. पायी फिरणाऱ्याला ओट्यावर बसलेली म्हातारी दिसते, विहिरीवरच्या बायका दिसतात, देवळासमोरच्या तुकड्यात लगोऱ्या खेळणारी पोरे दिसतात. घर पाडल्यावर पैशाची भरपाई देता येते. पण चार पावलांवरची सावली, ओळखीचा शेजार आणि हाकेच्या अंतरावरचे खेळायचे अंगण यांची भरपाई कोणत्या खात्यातून द्यायची?

तळ्यांविषयीही गेडिस असेच सावध होते. हिवतापाच्या भीतीने शहरांतली तळी बुजवावीत असा सल्ला त्या काळी दिला जाई. डास हिवताप पसरवतात हे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी दाखवलेच होते. गेडिस यांचे म्हणणे असे की तळे साफ करा, त्यात मासे सोडा, बदके ठेवा. ती डासांच्या अळ्या खातील. तळे गेले तर गारवा जाईल आणि पावसाचे पाणी साठण्याची जागाही जाईल. आज पावसाळ्यात आपली शहरे तुंबतात तेव्हा या सल्ल्याची किंमत कळते.

इंदूरची दिवाळी

होळकरांच्या इंदूरचा प्रसंग गेडिस यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितला जातो. शहरात प्लेग होता. पाहणी करत फिरणारा हा दाढीवाला साहेब आपली घरे पाडायला आला आहे, असे समजून लोक त्यांना शिव्याशाप देत. गेडिस यांनी महाराजांकडे एक दिवसाचे राज्य मागितले आणि दिवाळीच्या मिरवणुकीची दवंडी पिटवली. मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या भागातले लोक आपली घरे उत्तम साफ आणि दुरुस्त करतील, त्या भागातून जाईल.

मग काय, गल्लीगल्लीत चुरस लागली. गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती होते, प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती आणि शहराचे सफाई कामगार होते. नवे स्वच्छ कपडे, रंगवलेल्या गाड्या आणि फुले घेऊन ते मानाने चालले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या कामाला त्या दिवशी भर रस्त्यात मान मिळाला. एका मिरवणुकीने अस्पृश्यता जात नाही, हे खरेच. पण शहर कोणाच्या श्रमावर उभे आहे, ते सर्वांना दिसले. इंदूरसाठीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. डॉ. गो. स. घुर्ये यांना इंग्लंडला शिकायला पाठवण्यात गेडिस यांचा वाटा होता. १९२४ साली गेडिस परतले आणि विभाग घुर्ये यांच्या हाती आला. गेडिस यांचे बहुतेक अहवाल कागदावरच राहिले, हेही नमूद केले पाहिजे. त्यांना लोकांचा सहभाग हवा होता, पण अहवाल संस्थानिकांना आणि साहेबांना सादर व्हायचे. निर्णय घेण्याचा अधिकार गल्लीतल्या माणसाकडे नव्हताच. आपल्याकडे १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली. पण तरतूद वापरायची तर नागरिकाला आधी आपला प्रभाग पाहता आला पाहिजे.

आपल्या शाळेभोवती

पाहणे शिकवता येते. माझ्या आईला रोज एक रस्ता ओलांडून भाजीला जावे लागे. मधेच दिवा बदलायचा आणि ती दुभाजकावर अडकायची. ‘माझेच पाय आता चालत नाहीत,’ असे ती म्हणे. एकदा मी घड्याळ लावून पाहिले. पादचाऱ्यांच्या दिव्याचा वेळ ठरवताना चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. आईचा वेग सेकंदाला ०.८ मीटर निघाला, म्हणजे १५ सेकंद. दोष तिच्या पायांत नव्हता, गृहीत धरलेल्या आकड्यात होता.

हाच प्रयोग आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. शाळेभोवतीच्या अर्धा किलोमीटर परिसराचा नकाशा त्यांनी स्वतः काढावा. त्यावर सावली, बसायची जागा, पिण्याचे पाणी, शौचालय, पदपथाची उंची आणि खेळायची जागा यांच्या खुणा कराव्यात. दुपारी दोन वाजता उन्हात आणि सावलीत तापमान मोजावे. पहिलीतले मूल आणि वयस्कर शेजारी यांच्याबरोबर रस्ता ओलांडून वेळ मोजावा. पडीक तुकडे मोजून बेरीज करावी. एडिंबरोप्रमाणे आपल्यालाही आश्चर्य वाटण्याचा संभव आहे! मग तो नकाशा घेऊन नगरसेवकाकडे जावे.

नगररचना हा तज्ज्ञांचा विषय आहे, असे म्हणून आपण तो सोडून देतो. तज्ज्ञ हवेतच. पण प्लेगच्या काळातही तज्ज्ञ होते. त्यांनी पहार आधी उचलली आणि पाहणी मागून केली. आपले विद्यार्थी उद्या अभियंते, अधिकारी, नगरसेवक होतील. शाळेत असतानाच त्यांना हा क्रम उलटा करायची सवय लागली, तर पुढच्या एखाद्या आजीला दुभाजकावर उभे राहावे लागणार नाही.