दरडींची धरणे : गोहना, सुबनसिरी आणि पनवेलचे खोरे

मराठीत 'दरड' हा शब्द उभ्या, तुटक्या कड्यालाही लागतो आणि तो कोसळून खाली आलेल्या ढिगालाही लागतो. 'दरड कोसळली' एवढे म्हटले की वार्ता पुरी झाली, असे सामान्यतः समजले जाते. परंतु दरड नदीच्या पात्रात पडली, तर खरा धोका त्यानंतर सुरू होतो. ढिगामागे पाणी तुंबते आणि माथ्यावरून वाहू लागताच तो माती-दगडांचा सुटा बांध झपाट्याने पोखरला जातो. भूकंपात असे बांध एकाच वेळी अनेक ठिकाणी पडू शकतात.

नंगा पर्वताजवळ भूकंपाने ढासळलेल्या कड्याने सिंधू नदी अडविली. जून १८४१ मध्ये तो बांध फुटला आणि अटकेजवळील शीख सैन्याची छावणी वाहून गेली. १५ ऑगस्ट १९५० च्या आसाम भूकंपानंतर सुबनसिरी नदी अशीच अडली. आठ दिवसांनी सुमारे सात मीटर उंचीची लाट खाली आली व तीत पाचशेहून अधिक माणसे दगावली.

याच्या उलट उदाहरण गढवालातील गोहन्याचे होय. सप्टेंबर १८९३ मध्ये, भूकंपावाचूनच, डोंगर कोसळून बिरही गंगेवर सुमारे ९०० फूट उंचीचा बांध तयार झाला. तो थोपविणे अशक्य आहे, हे ओळखून पुलफर्ड या अभियंत्याने पाणी माथ्यावर केव्हा येईल याचे गणित मांडले. खालच्या खोऱ्यापर्यंत तारायंत्र नेले, झुलते पूल सोडविले, वस्त्या हलविल्या. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला. गढवालचे श्रीनगर उद्ध्वस्त झाले; पण प्राणहानी झाली ती फक्त हलविल्यावरही परत गेलेल्या एका फकिराच्या कुटुंबातील पाच जणांची.

गोहन्याला मिळालेली अकरा महिन्यांची सवड मात्र विरळाच. कोस्टा व शुस्टर यांनी १९८८ मध्ये ७३ बांधांची नोंद तपासली, तेव्हा त्यांतील सुमारे निम्मे दहा दिवसांत आणि ८५ टक्के वर्षभरात फुटलेले आढळले. म्हणून १२ मे २००८ च्या चीनमधील भूकंपानंतर तांगच्याशान येथे दुहेरी उपाय योजला गेला : बांधावर चर खणून पाणी लवकर व कमी उंचीवरून सोडले आणि खालच्या अडीच लाखांच्या आसपास लोकांना हलविले.

पनवेलशी या इतिहासाचा संबंध काय? गाढी नदी माथेरानच्या डोंगरात उगम पावून पनवेलवरून खाडीस मिळते. तिचा प्रवास इतका आखूड आहे की, सूचनेला मिळणारा अवधी तासांतच मोजावा लागेल. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा धक्का मुंबईपर्यंत जाणवला. पण तेव्हा हिवाळा होता, उतार कोरडे होते. पावसाने भिजलेले डोंगर भूकंपावाचूनही कोसळतात, हे पनवेलच्या पूर्वेस इर्शाळवाडीने १९ जुलै २०२३ च्या रात्री दाखविले. तेथे २७ मृतदेह हाती लागले व ५७ जण बेपत्ता राहिले. भिजलेला उतार आणि भूकंप हे दोन्ही एकत्र आले, तर ओढ्यांचीही तपासणी करावी लागेल.

अशा वेळी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे निरीक्षण. पाऊस चालू असता भरलेला ओढा अकस्मात ओसरला, तर पाणी वर कोठेतरी अडले असण्याची शक्यता असते. ओसरलेले पाणी पाहण्यास पात्रात उतरण्याऐवजी काठ सोडून उंचावर जावे आणि खालच्या वस्तीला तत्काळ कळवावे. गोहन्यात जे तारायंत्राने साधले, ते आज एका दूरध्वनीने साधू शकेल. मात्र ओहोळ का आटला हे विचारणारा माणूस वरच्या वाडीत असला पाहिजे.