पालवणकर बाळूंची राहून गेलेली बढती

"पीएच.डी. कशात करतेयस?" असं कुणी विचारलं की मी "कामाच्या ठिकाणची न्याय्यता" असं सांगते आणि समोरच्याचा चेहरा कोरा होतो. एम.एस्सी. संख्याशास्त्रात केल्यावर हे कुठलं खूळ, असा प्रश्न त्या चेहऱ्यावर वाचता येतो. मग मी क्रिकेटची एक गोष्ट सांगते. आज तीच जरा सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या प्रबंधातला मुख्य प्रश्न या गोष्टीत जसा उघडा दिसतो तसा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

प्रश्न असा आहे: एखाद्याचं काम चोख मोजता येत असेल, तर त्याच्यावर अन्याय होणं थांबतं का?

महिना चार रुपये

पालवणकर बाळूंचा जन्म १८७६ चा. कुटुंब मूळचं कोकणातलं, जातीने चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत. बाळू पुण्यात वाढले. पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात: खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तिथे पगार चार रुपये. रोलर फिरवायचा, नेट बांधायचं, टेनिसची कोर्टं आखायची आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजीही करायची.

या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे नावाजलेले फलंदाज होते. ते इतरांच्या आधी येऊन तासन् तास बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करत. बाळूंनी बाद केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, असं सांगतात. ही आख्यायिका खरी धरली तर हिशोब सोपा आहे. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया, म्हणजे ग्रेगना आठ वेळा बाद केलं की एक महिन्याचा पगार सुटला! एचआरच्या भाषेत याला कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्ता म्हणतात. तोही अगदी पारदर्शक, कारण दांडी उडाली की नाही यावर वाद होत नाही.

पण याच क्लबात बाळूंना कधी फलंदाजी मिळाली नाही. त्यांनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण बॅट हातात घेणं साहेबांचं काम होतं. ही 'जागा' ठरवण्याची पद्धत लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे.

संघात घेतलं, चहा बाहेर

बाळूंच्या गोलंदाजीची बातमी पुण्यातल्या हिंदू क्लबापर्यंत गेली. युरोपियनांना हरवायचं तर हा माणूस हवा, हे सगळ्यांना दिसत होतं. तरीही अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीच्या माणसाला संघात घ्यावं का, यावर क्लबात दोन तट पडले. शेवटी घेतलं. बाळू जिंकून देऊ लागले.

मैदानावर चेंडू एकच असतो, तो या हातातून त्या हातात जातोच. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसत आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं ताटही वेगळं.

आता थोडी थिअरी. घाबरू नका, थोडीच आहे.

कामाच्या ठिकाणच्या न्यायाचा पद्धतशीर अभ्यास १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधले मानसशास्त्रज्ञ जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांच्यापासून सुरू झाला, असं साधारण मानतात. त्यांचं म्हणणं असं की माणूस 'मी किती दिलं आणि मला किती मिळालं' याचं गुणोत्तर काढतो आणि ते शेजाऱ्याच्या गुणोत्तराशी ताडून बघतो. हा वाटपाचा न्याय. पुढे १९७५ मध्ये थिबो आणि वॉकर यांनी न्यायालयीन प्रक्रियेचा अभ्यास करून दाखवलं की लोकांना निकालाइतकीच निकालाची पद्धत महत्त्वाची वाटते. आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली का, हे ते बघतात. हा प्रक्रियेचा न्याय. १९८६ मध्ये बीज आणि मोग यांनी तिसरा पदर जोडला: निर्णय घेताना तुमच्याशी माणूस म्हणून कसं वागलं जातं. हा वागणुकीचा न्याय.

बाळूंची पुण्यातली गोष्ट या तीन पदरांतून बघितली की दिसतं की न्याय 'मिळाला' किंवा 'नाही मिळाला' इतकं सरळ प्रकरण हे नव्हतंच. संघात जागा मिळाली, पण पॅव्हेलियनमधली खुर्ची मिळाली नाही.

१९०६: धावफलक काय म्हणाला

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. धाकटा भाऊ शिवरामही संघात आला. मुंबईची हवा पुण्यापेक्षा मोकळी होती आणि इथे एकत्र खाणंपिणंही सुरू झालं.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. ज्यांना राज्यकर्ते म्हणायचं त्यांना मैदानात हरवलं आणि त्या विजयात दोन चर्मकार भावांचा वाटा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'सारख्या सुधारकी पत्राने या विजयाकडे समाजसुधारणेचं पाऊल म्हणून बघितलं.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ २३ सामने खेळला, सहा जिंकला, पंधरा हरला. या पडझडीत बाळूंनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्या आत. वय पस्तीस, खांदा दुखरा. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीचा आकडा ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१ असा आहे. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांगते, इतका स्वच्छ डेटा माझ्या प्रबंधात एकाही कर्मचाऱ्याचा नाही.

आणि कर्णधारपद?

१९१० नंतरच्या दशकात हिंदू संघातला सर्वात अनुभवी खेळाडू कोण, याला दोन उत्तरं नव्हती. तरीही दरवर्षी कर्णधारपद दुसऱ्याकडे, वरच्या जातीच्या खेळाडूकडे जायचं. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी सत्काराच्या वेळी मोकळेपणाने सांगितलं की ज्येष्ठता आणि अनुभव बघता हा मान बाळूंचा होता. म्हणजे ज्याला बढती मिळाली तोच म्हणत होता की ती दुसऱ्याची आहे. निवड समितीवर ढिम्म परिणाम नाही.

इथे माझा मुद्दा येतो. गोलंदाजी मोजता येते. म्हणून बाळूंना संघाबाहेर ठेवणं जड जायला लागलं, कारण हरण्याची किंमत सगळ्यांना धावफलकावर दिसत होती. कर्णधारपद मोजता येत नाही. 'नेतृत्वगुण', 'वजन', 'चारचौघांत वागणं' असल्या शब्दांना एकक नाही. संघाचं दार उघडावं लागलं तेव्हा भेदभाव पुढच्या दाराशी जाऊन बसला, जिथे निकष कुणी लिहून ठेवलेले नव्हते.

यावर कुणी म्हणेल, कर्णधाराला गव्हर्नरसाहेबांशी बोलावं लागतं, मेजवानीला बसावं लागतं, निव्वळ बळी घेऊन भागत नाही. बरोबर आहे. पण ज्याला वर्षानुवर्षं टेबलावर बसूच दिलं नाही, त्याला 'टेबलावर बसायची सवय नाही' म्हणून नाकारायचं, ही कसली निवड? पुण्यातलं ते मातीचं भांडं इथे परत आलं. वागणुकीतला अन्याय पुढे जाऊन पात्रतेचा निकष होतो, तो असा.

१९२०: अपिलाची सोय नव्हती, म्हणून

जेराल्ड लेव्हेंथल यांनी १९८० मध्ये न्याय्य प्रक्रियेच्या सहा कसोट्या मांडल्या. त्यातल्या तीन इथे लागू करून बघते. पहिली, सातत्य: नियम सगळ्यांना सारखा हवा. इथे ज्येष्ठता इतरांच्या बाबतीत मोजली जायची, बाळूंच्या बाबतीत नाही. दुसरी, पूर्वग्रहाला लगाम: निवडणारे सगळे एकाच सामाजिक थरातले असले तर तो कोण घालणार? तिसरी, दुरुस्तीची सोय: निर्णय चुकला तर दाद कुठे मागायची? इथे अशी जागाच नव्हती. (१९८० ची फूटपट्टी १९२० ला लावताना सांभाळून राहावं, असं माझे गाइड नेहमी बजावतात. पण तक्रार त्या काळच्या लोकांचीच आहे, मी फक्त तिला नाव देते आहे.)

दाद मागायची जागा नसली की माणसं काम थांबवतात. १९२० च्या चौरंगी स्पर्धेची वेळ आली. बाळूंना संघातून वगळलं आणि कर्णधारपदासाठी पालवणकरांना पुन्हा डावललं. शिवराम आणि तिसरे भाऊ विठ्ठल हे तेव्हा संघाचे आधारस्तंभ होते. दोघांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतलं. आपल्याला जातीमुळे डावललं जातं, हे त्यांनी उघड सांगितलं. कामगार इतिहासात याला सरळ संप म्हणतात.

हे साल कोणतं होतं तेही बघा. जानेवारीत 'मूकनायक' सुरू झालं होतं. मार्चमध्ये शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर माणगावच्या परिषदेत एकत्र आले होते. वर्ष सरता सरता गांधीजी असहकाराबरोबर अस्पृश्यतेविरुद्धही बोलत होते. वर्तमानपत्रं वाचणारा मुंबई-पुण्याचा प्रेक्षक गप्प बसणारा राहिला नव्हता. शेवटी तडजोड झाली. भाऊ परतले, चव्वेचाळिशीतल्या बाळूंना उपकर्णधार केलं आणि सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढ्यापुरतं तरी बाळूंनी संघ चालवावा.

तेवढ्यापुरतं. बाळू पूर्ण वेळ कर्णधार कधीच झाले नाहीत.

१९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. थोरल्या भावाने टाकलेल्या हजारो षटकांचं फळ धाकट्याला मिळालं. कुटुंबाच्या हिशोबात हा विजय आहे. थोरल्याच्या हिशोबात तो रकाना रिकामाच राहिला.

फक्त आपल्याकडेच का?

नाही. इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणारे 'प्लेयर्स' आणि हौशी 'जंटलमेन' असे दोन वर्ग होते. विसाव्या शतकात इंग्लंडचा पहिला व्यावसायिक कर्णधार लेन हटन, तो १९५२ मध्ये. वेस्ट इंडिजमध्ये जॉर्ज हेडलीसारखा फलंदाज असून त्याला १९४८ मध्ये एका कसोटीपुरतं कर्णधार केलं. संपूर्ण मालिकेसाठी पहिला कृष्णवर्णीय कर्णधार फ्रँक वॉरेल, १९६०-६१ मध्ये. अमेरिकन बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये खेळायला उतरला, पण पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर यायला १९७५ साल उजाडलं. मध्ये २८ वर्षं. जात, वर्ग, वर्ण अशी कारणं वेगवेगळी, पण सगळीकडे खेळाडू म्हणून आधी घेतलं आणि हुकूम देणारा म्हणून फार उशिरा.

माझा रकाना

पीएच.डी.ला यायच्या आधी दोन वर्षं मी एका कारखान्याच्या एचआर विभागात होते. अप्रेजलचे फॉर्म एक्सेलमध्ये भरायचं काम. एका शिफ्टमध्ये एक दादा होते. नवीन येणारा प्रत्येक सुपरवायझर आधी त्यांच्याकडून मशीन शिकायचा आणि मग त्यांचा साहेब व्हायचा. उत्पादन, हजेरी, सुरक्षा या मोजता येणाऱ्या सगळ्या रकान्यांत ते वरच्या क्रमांकावर. 'नेतृत्वक्षमता' या रकान्यात पाचपैकी दोन. शेरा: "अजून थोडं पॉलिश हवं." पुढच्या वर्षीही तोच शेरा, कॉपी-पेस्ट केल्यासारखा. मी तो दोन्ही वर्षी टाइप केला आणि 'पॉलिश' म्हणजे काय, हे एकदाही कुणाला विचारलं नाही. बाळूंबद्दल वाचलं तेव्हा आधी आठवले ते हे दादा, आणि मग शेरा टाइप करणारी मी.

म्हणून माझ्या संशोधनात मी आकड्यांच्या रकान्यांपेक्षा शब्दांच्या रकान्यांकडे जास्त बघते. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा त्यांनी वरिष्ठांच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली नाही, लेखी नियम केला. बढतीचे निकष आधी लिहून जाहीर करणं, निवडणाऱ्यांमध्ये वेगवेगळी माणसं असणं आणि दाद मागायला जागा असणं, या तिन्ही गोष्टी फार खर्चिक नाहीत. १९१३ मध्येही नव्हत्या.

बाळू पुढे सार्वजनिक जीवनात आले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत ते होते. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. त्या राजकारणावर वेगळं लिहावं लागेल. ४ जुलै १९५५ रोजी ते वारले.

तुमच्या ऑफिसात यंदाचे अप्रेजल फॉर्म आले असतील. त्यात एककाशिवायचा रकाना कोणता आहे ते बघा, आणि तो कोण भरतं तेही.