छात्रालयापासून भाड्याच्या खोलीपर्यंत

वऱ्हाडातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा-महाविद्यालयांच्या स्थापनेची वर्षे आपण काळजीपूर्वक नोंदवतो. विद्यार्थी राहत कोठे होते आणि जेवत कोठे होते, हा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेतही येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न विचारात घेत आहोत. खेड्यातल्या मुलाच्या दृष्टीने उच्च शिक्षणाची पहिली अडचण शहरातला मुक्काम हीच होती, आणि ती निव्वळ पैशाची नव्हती.

शहरात शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलासाठी पूर्वी माधुकरी होती, वार लावून जेवण्याची पद्धत होती. सात वारांना सात घरे. ही व्यवस्था कष्टाची आणि पुष्कळदा मानहानीचीही असे. परंतु तिच्या आधारावर कित्येक पिढ्या शिकल्या. कुणब्याच्या, माळ्याच्या मुलाला शहरात अशी घरे नव्हती आणि महार-मांगांच्या मुलाला तर उंबरठ्याच्या आत प्रवेशच नव्हता. शहरात एखादा नातलग असला तर ठीक, नाहीतर शिक्षण तेथेच संपे.

वऱ्हाडात महाविद्यालयही उशिराच आले. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ सालचे. त्यापूर्वी पदवीसाठी नागपूरचे हिस्लॉप (१८८३) किंवा मॉरिस (१८८५) कॉलेज गाठावे लागे, अथवा थेट पुणे. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि पुढे इंग्लंडला गेले. शिक्षणासाठी परक्या गावी राहणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते. वैदिक वाङ्मयातील धर्मविचारावर संशोधन करून ते १९२६ साली परतले आणि लवकरच त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभे केले. शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतर काही वर्षांनी आली आणि तिचे अमरावतीचे महाविद्यालय तर १९४६ साली. हा क्रम आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. राहण्याची जागा आधी झाली, वर्ग नंतर.

छात्रालयाला नाव दिले ते डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचे. तो काळ अमरावतीत खळबळीचा होता. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला होता. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथे परिषद भरली. त्याच महिन्यात पंजाबरावांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. सर्व जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहावे आणि एका पंगतीत जेवावे, हा छात्रालयाचा नियम या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. देवळाच्या दाराशी जे मागितले जात होते, ते येथे ताटाशी रोज घडत होते.

या नियमाचे मोल कोल्हापूरशी तुलना केल्यावर अधिक कळते. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे काढविली. ज्या काळी एका पंगतीची कल्पनाही सोसवत नव्हती, त्या काळी मुले शिकावीत म्हणून निवडलेला हा व्यवहारी मार्ग होता, आणि त्याने फार मोठे काम केले. पुढचे पाऊल भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली निघालेल्या बोर्डिंगात टाकले आणि पंजाबरावांनी अमरावतीत. पहिल्या टप्प्यावर वसतिगृहाने मुलाला शहरात जागा दिली. दुसऱ्या टप्प्यावर त्याला जातीबाहेरचा सोबती दिला.

आज अमरावतीच्या गाडगेनगरात किंवा अकोल्याच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात फिरले की वेगळेच चित्र दिसते. खासगी वसतिगृहे, कॉट बेसिसवरच्या खोल्या, मेसचे डबे, भिंतीवरच्या जाहिराती. बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडून आलेली मुले-मुली दरमहा भाडे मोजून राहतात. हा आता रीतसर बाजार आहे. जून २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या, सलग ९० दिवसांच्या खासगी वसतिगृह-वास्तव्याला करमाफीची शिफारस केली, यावरून त्याचा पसारा ध्यानात यावा.

शासनाचे धोरणही याच दिशेने गेले. २०१६-१७ पासून शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेत रक्कम थेट खात्यात मिळू लागली. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीच्या निर्वाह भत्त्याला तर पंजाबरावांचेच नाव आहे. या योजनांनी अनेकांचे शिक्षण वाचवले, हे आम्ही वर्गात पाहतो; त्यांची गरज नाकारण्याचा प्रश्नच नाही. खोलीत राहणाऱ्या मुलीला वसतिगृहाच्या कडक वेळापत्रकातून मिळणारी मोकळीकही क्षुल्लक नव्हे.

परंतु भत्त्याने भाडे भागते, घरमालकाचा प्रश्न संपत नाही. खोली पाहायला गेल्यावर आधी आडनाव आणि मग ‘कोणापैकी?’ अशी विचारणा होते, हे आमचे विद्यार्थी आजही सांगतात. हातात पैसे असूनही खोली ‘कालच गेली’ असे त्यांना ऐकावे लागते. ज्यांना खोली मिळते तेही पुष्कळदा आपल्याच तालुक्यातल्या, आपल्याच समाजातल्या जोडीदारासोबत राहतात. छात्रालयाने जे एकत्र आणले होते, ते बाजार कोणताही नियम न करता वेगळे करतो. पंजाबरावांच्या नावाचा भत्ता घेऊन एखादा मुलगा नाव बदलून खोली शोधत असेल, तर त्या नावाचा अर्धाच अर्थ आपण जपला असे म्हणावे लागेल.

म्हणून भत्त्याबरोबरच सामायिक वसतिगृहे बांधण्याचा आग्रह धरला पाहिजे. साहित्याच्या अभ्यासकांकडे आणखी एक काम आहे. छात्रालयांत राहिलेली जुनी पिढी झपाट्याने ओसरते आहे. हजेरीपट, जमाखर्चाच्या वह्या, संमेलनांच्या स्मरणिका अजून कोठे कपाटांत पडून असतील. एम. ए.च्या एखाद्या प्रकल्पासाठी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील दहा माजी छात्रांच्या आठवणी नोंदवल्या, तरी वऱ्हाडाच्या सामाजिक इतिहासाचे एक कोरे प्रकरण भरू लागेल. पंगतीत कोण कोणाशेजारी बसत होते, हे सांगणारी माणसे आहेत तोवरच त्यांना विचारता येईल.